पट्ट्यावरचा आकडा

आमच्या घरातल्या रक्तदाबाच्या यंत्रावर आठ महिने एक पिवळा स्टिकर होता. तो मीच लावला होता. तपासल्याची तारीख, पुन्हा तपासायची तारीख आणि खाली माझी सही. असे स्टिकर मी बावीस वर्षं लावत आलो आहे, पण घरातल्या वस्तूवर लावलेला तो पहिलाच, आणि शेवटचा.

मी बोईसरला राहतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात उपकरणं तपासायच्या खात्यात आहे. वाफेच्या नळ्यांवरचे दाबमापक, टाक्यांवरचे तापमापक, वजनकाटे. ही उपकरणं खरं बोलतात का, एवढंच बघायचं आमचं काम. प्रत्येक दाबमापक आमच्याकडच्या एका मास्टरशी, म्हणजे प्रमाण मानलेल्या मापकाशी, ताडून पाहायचा. तो मास्टर वर्षातून एकदा मुंबईच्या प्रयोगशाळेत जातो, त्यांचा मास्टर त्याच्याही वरच्या ठिकाणी, असं करत करत ती साखळी देशाच्या राष्ट्रीय मानकापर्यंत पोचते. मधली एक कडी निसटली की आकडा हा आकडा राहत नाही, कुणाचं तरी मत होतो. नव्याने लागलेल्या माणसाला मी पहिल्या दिवशी हेच सांगतो.

त्या वर्षी फेब्रुवारीत कंपनीने कामगारांच्या घरच्यांसाठी आरोग्य तपासणी ठेवली होती. माझी बायको अशा ठिकाणी सहसा जात नाही. शेजारणी निघाल्या म्हणून गेली. संध्याकाळी तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. एकशे बावन्न, शहाण्णव. आकड्यांभोवती निळ्या पेनाचा गोल.

"काय आहे हे?"

"बीपी जास्त आहे."

"किती?"

"वरचं बाराने, खालचं सहाने."

"अहो, पास की नापास, तेवढं सांगा."

दुसऱ्या दिवशी तिला बाजारातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मोजलं, आठवड्याने पुन्हा बोलावून मोजलं. दोन्ही वेळा एकशे पन्नासच्या आसपास. म्हणाले, "मीठ कमी करा, चाला, आणि गोळी सुरू करू. रोज एक. बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही."

जिना उतरताना तिने विचारलं, "बंद करायची नाही म्हणजे कधीपर्यंत?"

"म्हणजे चालूच."

"आईलापण असंच म्हणाले होते."

तिच्या आईची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. सासूबाईंनी बीपीची गोळी दोनेक वर्षं घेतली. मग बरं वाटायला लागलं म्हणून आपल्या आपणच सोडली. एका सकाळी त्यांना चहाचा कप उचलता येईना. उजवी बाजू गेली. पुढची चार वर्षं माझ्या बायकोने सांगलीला फेऱ्या मारून त्यांना कुशीवर वळवलं, भरवलं, पुसलं. पण त्यांच्या घरात गोष्ट सांगितली जायची ती उलटी: गोळ्या लागल्या आणि गोळ्यांनीच घात केला. बायकोला ते पूर्ण पटत नव्हतं, पूर्ण खोटंही वाटत नव्हतं. तिला आजाराची भीती होती आणि औषधाचीही. दोन्हींच्या मधे उभं राहून ती म्हणाली, "तुम्ही आकड्यातले आहात. तुम्ही सांगाल तसं करते."

हे वाक्य मला तेव्हा विश्वासाचं वाटलं, आणि ते तसंच होतं. ते किती जड आहे ते मात्र नंतर कळलं.

मी शोधायला बसलो. नातेवाइकांच्या मोबाइलवरच्या गटात माहितीला तोटा नव्हता. उपाशीपोटी लसूण, तळपायाला तेल, उशाखाली तांब्याचं भांडं. पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ चित्रफितीत बीपीच्या गोळ्यांनी मूत्रपिंडं कशी जातात ते अकरा मिनिटं सांगत होता आणि बाराव्या मिनिटाला स्वतःचे थेंब विकत होता. मी प्रत्येक मजकुराला कारखान्यातलेच प्रश्न विचारायला लागलो. हे कुणी लिहिलं? शेवटचं कधी तपासलं? पुन्हा कधी तपासणार? हे त्यांना कुठून कळलं? खाली काही विकायला ठेवलंय का? आणि जिथे "डॉक्टरांना विचारू नका" असं होतं तो मजकूर पहिल्याच चाळणीत बाहेर.

चाळता चाळता तीनच उरले. सरकारच्या आरोग्य खात्याचं एक पान, एका राष्ट्रीय संशोधन संस्थेचं माहितीपत्रक, आणि देशभरातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेची पाच पानांची पुस्तिका. पुस्तिका मराठीतही होती. शेवटच्या पानावर तपासणाऱ्या समितीतल्या लोकांची नावं, तपासल्याचा महिना आणि पुढच्या तपासणीचा महिना. ते पाहून मला आमचे पिवळे स्टिकर आठवले. ही माझ्या ओळखीची माणसं होती. मी ती पाच पानं छापून घेतली, प्लास्टिकच्या फाइलीत लावली, आणि पिवळ्या शाईच्या पेनाने महत्त्वाच्या जागा रंगवल्या.

मी काय रंगवलं ते आजही फाइलीत दिसतं. सगळे आकडे. कुठल्या आकड्याला सामान्य म्हणायचं, कुठल्याला जास्त. आणि दोन वाक्यं. एक: "काही जणांचा रक्तदाब दवाखान्यातल्या ताणामुळे वाढलेला दिसतो." दुसरं: "घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोनदा मोजून त्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात." दोन्ही वाक्यं खरी होती. पुस्तिकेतलं प्रत्येकच वाक्य खरं होतं. तिसऱ्या पानावर यंत्र कसं वापरावं याची सहा चित्रं होती, ती मी तशीच उलटली. दाब कसा मोजायचा ते मला कुणी शिकवायचं?

घरात यंत्र होतं. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या डॉक्टरांनी मला स्वतःवर लक्ष ठेवायला सांगितलं तेव्हा मी ते घेतलं होतं. पण माझ्या बायकोचा निकाल त्या यंत्रावर लावायचा तर आधी यंत्राचा निकाल लावायला हवा. मी ते कारखान्यात नेलं. दंडाला बांधायचा पट्टा एका काचेच्या बाटलीभोवती गुंडाळला, नळीत तीन तोंडांचा जोड घातला, एका तोंडाला आमचा मास्टर लावला आणि दाब चढवला. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे. फरक कुठेही एका अंकापेक्षा जास्त नाही. शिवाय त्याच आठवड्यात कंपनीच्या डॉक्टरांनी माझं बीपी मोजलं होतं, तेही घरच्या यंत्राशी जुळत होतं. दोन वेगळ्या वाटांनी पुरावा आला होता. मी स्टिकर लावला आणि सही केली.

सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दोन दोन वेळा. अठ्ठावीस नोंदी. सरासरी एकशे तीस, ब्याऐंशी.

त्या नोंदी घेऊन मी डॉक्टरांकडे गेलो, एकटाच. त्यांनी कागद दोनदा पाहिला. म्हणाले, "फरक बराच आहे. यंत्र घेऊन या आणि त्यांनाही आणा. माझ्यासमोर दोन्हीवर मोजू." बोलताना माझी नजर त्यांच्या टेबलावरच्या मापकावर होती. काट्याचा मापक होता, आणि काहीच बांधलेलं नसताना काटा शून्यावर नव्हता. चारावर होता. आमच्याकडे असा मापक दिसला की त्याला लाल पट्टी लावून कपाटात टाकतात.

मी पुन्हा गेलो नाही. ज्यांचा काटा शून्यावर टेकत नाही त्यांनी माझं यंत्र तपासायचं? चाराच्या चुकीने विसाचा फरक पडत नाही, ही वजाबाकी तिसरीतलं मूल करेल. मी केली नाही.

बायकोला सांगितलं, "गोळीची गरज नाही. दवाखान्यात गेलं की तुझं वाढतं, एवढंच."

तिने स्टिकरवर बोट फिरवलं. "सहीशिक्का आहे म्हटल्यावर झालं," असं म्हणून हसली. त्या दिवशी तिने शेवयांची खीर केली होती.

मग दर रविवारी मोजायचं ठरलं. पहिले काही रविवार बरे गेले. एप्रिलपासून तिचं डोकं दुखायला लागलं. दुपारी कपाळ आवळून बसायची. मी यंत्र आणायचो. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. "बीपी नाही," मी म्हणायचो. तीन-चार वेळा असं झाल्यावर तिने सांगणंच सोडलं. मी बाहेरून आलो की ती कपाळावरचा हात काढायची. चांगला आकडा आला की तिला दुखण्याचाही हक्क उरत नसे. पुस्तिकेत एक वाक्य होतं, की वाढलेल्या रक्तदाबाची बहुधा काही लक्षणं नसतात. तेही मी तिला वाचून दाखवलं होतं. तिचं डोकं दुखणं म्हणजे बीपी नाही, एवढंच सिद्ध करायला.

यंत्राची बातमी इमारतीत पसरली होती. तळमजल्यावर चिंचणीकडच्या एक मावशी राहायच्या. अंगाने किरकोळ, बोलायला खणखणीत, सकाळी मासळी विकून आल्या की दुपारी मोकळ्या. रविवारी दारातूनच दंड पुढे करून यायच्या.

"भाऊजी, लावा तुमचा यंत्र. पालघरचा डॉक्टर मना घाबरवतो. तुमचा यंत्र बरा हाय, गोड बोलतो."

"मावशी, यंत्र गोड बोलत नाही, खरं बोलतं."

"दोनी येकच. आमाला कमी दाखवल्याशी मतलब."

आम्ही सगळे हसलो होतो. इमारतीतले सात जण असे येत होते. प्रत्येकासाठी मी वहीत वेगळं पान केलं होतं.

पावसाळ्यात कधीतरी माझ्या मनात शंका आली. कारण सांगता येणार नाही अशी. बायको जिना चढून आली की पहिल्या मजल्यावर थांबायची, ते मी ऐकायला लागलो. मला आईचा कप आठवायचा, म्हणजे सासूबाईंचा. तो मी पाहिलेला नव्हता, पण इतक्यांदा ऐकला होता की पाहिल्यासारखाच. ऑगस्टमध्ये मी यंत्र पुन्हा कारखान्यात नेलं. पुन्हा बाटली, पुन्हा मास्टर. फरक एक अंकाचा. यंत्र बरोबर.

ते बरोबर निघाल्यावर मी सुटायला हवं होतं. उलट एकेक दार लागत गेलं. यंत्र खरं, माझी पद्धत खरी, पुस्तिका खरी, मग चुकतंय ते कुठे? डॉक्टरांना विचारावं तर त्यांनी बोलावूनही मी गेलो नव्हतो. आता सहा महिन्यांनी कुठल्या तोंडाने जायचं? कंपनीच्या डॉक्टरांना विचारावं तर ते पहिला प्रश्न विचारतील, इतके दिवस काय केलंत? बायकोला माझी शंका सांगावी तर तिच्या हातात काय उरणार होतं? माझ्या सहीवर ती निवांत होती. निदान मला तसं वाटायचं. ही सगळी दारं मीच एकेक करून तपासली होती आणि बंद केली होती, आणि किल्ली म्हणून माझ्याकडे एक पिवळा कागद होता. रविवारी पट्टा फुगायचा तेव्हा माझाच दंड कुणीतरी आवळल्यासारखा वाटायचा. चांगला आकडा यावा अशी इच्छा व्हायची आणि आला की तो खरा वाटायचा नाही. उपकरणं तपासणाऱ्याने आकड्याबद्दल इच्छा धरू नये. आमच्या घरात मी आठ महिने दुसरं काही केलं नाही.

ऑक्टोबरात आरोग्य खात्याचं घरोघरी सर्वेक्षण सुरू झालं. एका दुपारी आरोग्यसेविका आली. घिवलीकडची होती, पस्तिशीची, पायात साध्या चपला, खांद्याला जड पिशवी. त्या दिवशी मला सुटी होती. तिने बायकोला खुर्चीत बसवलं, पाय जमिनीला टेकवून ठेवायला सांगितलं, हात टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "ताई, आता पाच मिनटं बोलायचा नाय. भांडायचा पन नाय."

पाच मिनिटांनी तिने मोजलं. एकशे अठ्ठेचाळीस, चौऱ्याण्णव. एक मिनिट थांबून पुन्हा. एकशे शेहेचाळीस, चौऱ्याण्णव.

"माझं दवाखान्याच्या माणसांसमोर वाढतं," बायको म्हणाली. माझंच वाक्य होतं.

"असतं तसं कुनाकुनाचं," आरोग्यसेविका म्हणाली. "घरी मोजता का?"

मी लगेच यंत्र आणलं. वही आणली. स्टिकर तिच्या बाजूला येईल असं ठेवलं. तिने स्टिकर वाचलाही असेल, पण हात घातला तो पट्ट्याला.

"दादा, हा पट्टा कुनाचा?"

"घरचाच आहे."

"घरचा हो. पन कुनाच्या दंडाचा?"

मला प्रश्न कळला नाही. तिने पट्टा बायकोच्या दंडाला बांधला आणि त्यात आपली चार बोटं सहज घालून दाखवली. मग पिशवीतून शिंप्याची टेप काढून दंड मोजला. "तेवीस. आता तुमी या." माझा दंड पस्तीस सेंटीमीटर भरला. मग तिने पट्ट्याची कड माझ्यापुढे धरली. तिथे पांढऱ्या अक्षरांत छापलेलं होतं: बत्तीस ते बेचाळीस.

"हा तुमच्या मापाचा हाय. ताईंच्या दंडाला हा लावला तर बीपी कमी दिसनार. खरा असेल त्याच्यापेक्षा."

दुकानदाराने दोन वर्षांपूर्वी माझा दंड पाहून मोठा पट्टा दिला होता. त्यानंतर मी यंत्रावरचा एकेक शब्द वाचला होता. मागचा क्रमांक, विजेचा दाब, कुठल्या तापमानात ठेवायचं. मास्टरला लावलं तेव्हा पट्टा बाटलीभोवती होता. बाटलीला दंड नसतो. यंत्र आतल्या हवेचा दाब बिनचूक सांगत होतं. माणसाचा दाब त्या हवेपर्यंत नीट पोचतो का, हे मी तपासलंच नव्हतं. साखळीतली शेवटची कडी माझ्या बायकोचा दंड होता.

मी गप्प बसायला हवं होतं. पण बोललो. "असं कुठे लिहिलेलं नाही. माझ्याकडे तज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेची पुस्तिका आहे."

"आना की," ती म्हणाली. "आमाला ट्रेनिंगमधी तीच दिलीय."

मी फाइल आणली आणि माझ्या पिवळ्या जागा शोधायला लागलो. बायकोने फाइल माझ्या हातातून घेतली. ती आकडे वाचत नाही, चित्रं बघते. तिने तिसरं पान काढलं. सहा चित्रांतलं चौथं. एका दंडाभोवती पट्टा आणि खाली दोन ओळी. तिने त्या मोठ्याने वाचल्या, शाळेत धडा वाचतात तशा.

"दंडाच्या मापाचाच पट्टा वापरावा. पट्टा लहान असल्यास रक्तदाब जास्त दिसतो, मोठा असल्यास कमी दिसतो."

मग तिने माझ्याकडे न पाहता विचारलं, "हे पान कधीपासून आहे घरात?"

"फेब्रुवारीपासून."

आरोग्यसेविका खाली मान घालून फॉर्म भरत राहिली. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "दादा, डॉक्टरकडं आजच जावा. आनि मनाला लावून घेऊ नका. निदान मोजत तरी व्हता." दिलासा द्यायला म्हणाली होती. मला तो तसा लागला नाही. न मोजता राहिलो असतो तर बायकोने फेब्रुवारीतच गोळी सुरू केली असती.

संध्याकाळी आम्ही त्याच डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं सांगितलं, तारखांसकट. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. गोळी लिहून दिली, रक्त, लघवी आणि डोळ्यांची तपासणी सांगितली. मापकाकडे माझी नजर गेलेली त्यांनी पाहिली असावी. "काटा चाराने पुढे आहे, मी तेवढे वजा करतो," ते म्हणाले. "नवा मागवलाय."

तपासण्यांसाठी पालघरला दोन खेपा झाल्या. डोळ्यांचे आतले पडदे ठीक निघाले. डोकं दुखायचं ते चष्म्याच्या नंबरामुळे. काच बदलल्यावर थांबलं. म्हणजे बीपीने दुखत नाही हे माझं म्हणणं बरोबर निघालं. त्याचा आनंद करायला माझ्याकडे जागा नव्हती. रक्ताच्या तपासणीतला मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा मर्यादेत होता. लघवीत मात्र प्रथिनं आली, किंचित; मूत्रपिंडांवर ताण आल्याची ती खूण.

"हे त्या आठ महिन्यांमुळे का?" मी विचारलं.

"असू शकेल. त्याआधीचंही असेल. आधीचा अहवाल नाही, त्यामुळे सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "तीन महिन्यांनी पुन्हा पाहू."

आयुष्यभर मी आकडे ताडून पाहत आलो. हा एक ताडायला माझ्याकडे मास्टर नाही, आणि कधी मिळणारही नाही.

सर्वेक्षणानंतरच्या पहिल्याच रविवारी मी वही घेऊन इमारतीतल्या सातही घरी गेलो. नवा पट्टा आणला होता, बावीस ते बत्तीसचा. प्रत्येकाच्या दारात दंड मोजला आणि तेच सांगितलं: माझा पट्टा तुमच्या मापाचा नसेल तर मी दिलेल्या नोंदी चुकीच्या आहेत, त्या खोडतो. दोघांचे दंड माझ्यासारखे निघाले, त्यांच्या नोंदी टिकल्या. पाच जणांच्या गेल्या. मावशी उंबऱ्यावर बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे इतके दिवस आमी तुमचा दंड लावून फिरत व्हतो!" आणि इतक्या मोठ्याने हसल्या की वरच्या मजल्यावरून बायकोने खाली पाहिलं.

"आता खरा मोजा," त्या म्हणाल्या.

मोजलं. एकशे सहासष्ट, शंभर. मी आकडा सांगितला. त्यांनी पदराने दंड पुसला, जणू तिथे काही लागलं होतं.

"पालघरचा डॉक्टर हाच सांगत व्हता," त्या हळू म्हणाल्या. "तो कडू बोलायचा म्हनून मी तुमच्याकडं येत व्हते. उद्या जाते."

त्या गेल्याही. मी बरोबर गेलो होतो. पण दवाखान्याच्या बाकावर बसल्या बसल्या त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि "भाऊजी" म्हणायच्या ऐवजी नुसतंच "तुमी जा आता" म्हणाल्या.

बायको गोळी नियमाने घेते. सकाळी चहानंतर, डबीतल्या वाराच्या कप्प्यातून. आकडे हळूहळू उतरले. आता एकशे तीसच्या आत असतात, आणि ते तिच्याच दंडाचे आहेत. तीन महिन्यांनी लघवी पुन्हा तपासली. प्रथिनं होतीच. वाढली नव्हती, गेलीही नव्हती. डॉक्टर म्हणाले, लक्ष ठेवू.

ती मला काही बोलली नाही. भांडली नाही, आईचं नाव काढलं नाही. भिंतीवर दोन खिळे मारून घेतले, एकावर माझा पट्टा, दुसऱ्यावर तिचा, आणि तिच्या पट्ट्याला लाल दोरा बांधला, चुकू नये म्हणून. यंत्रावरचा स्टिकर तिनेच नखाने खरवडून काढला. त्याचा डिंक अजून थोडा राहिला आहे, त्यावर धूळ बसते. फाइल आता स्वयंपाकघरात असते, तिसरं पान वर. एखादी नवी माहिती मोबाइलवर आली की ती माझ्याकडे आणत नाही. आधी खाली तारीख बघते, कुणी लिहिलं ते बघते, मग काय विकतात ते बघते. हे तिला मीच शिकवलं. आणि मग चित्रं बघते. ते माझं मला शिकावं लागलं.

रोज सकाळी ती खुर्चीत बसते. पाय टेकलेले, हात टेबलावर. मी लाल दोऱ्याचा पट्टा बांधतो, त्यात दोन बोटं जातात का बघतो आणि समोर बसतो. पाच मिनिटं. बाहेर पहिल्या पाळीची बस भोंगा देऊन जाते.

पहिल्या आठवड्यात एकदा मी तोंड उघडलं होतं. आठ महिन्यांचं जे सांगायचं राहिलं होतं ते सांगणार होतो. अर्धं वाक्य झालं असेल.

"अहो," ती म्हणाली, "आता बोलायचं नसतं."

तिसऱ्या पानावर तसंच आहे. दुसरं चित्र. मी घड्याळाकडे पाहत बसलो. पाच मिनिटं झाली, मी बटण दाबलं, पट्टा फुगला. आकडा आला तो मी वहीत लिहिला, आणि ती दूध बघायला उठून आत गेली.